भाड्याच्या घरातील गिझर ‘चालू’ आहे. तो सुरक्षित आहे का, हे कोण पाहणार?

मा. गृहनिर्माण मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

भाडेकराराला घरातील वस्तूंची यादी जोडलेली असते. आमच्या यादीत ‘गिझर १, चालू स्थितीत’ असे लिहिले होते आणि पाणीही कडकडीत तापत असे. तिसऱ्या आठवड्यात नळाला हात लावताच माझ्या मुलीच्या बोटांना झिणझिण्या आल्या. वायरमनने सॉकेट उघडून दाखवले, तेव्हा वरच्या मोठ्या छिद्रामागचा अर्थिंगचा स्क्रू मोकळाच होता. त्याला वायर जोडलेलीच नव्हती. घरमालक म्हणाले, ‘आधीच्या भाडेकरूंची कधी तक्रार नव्हती.’

या उत्तरामुळेच मी हे पत्र लिहीत आहे. गिझरच्या एलिमेंटचे, म्हणजे पाणी तापवणाऱ्या सळीचे, आवरण खराब झाले तरी पाणी तापत राहते, पण वीज पाण्यात गळू लागते. अर्थिंग धड असेल तर गळणारा प्रवाह त्या वाटेने जमिनीत जातो, आणि नसेल तर नळ धरलेल्या माणसाच्या शरीरातून वाट काढतो. अशा वेळी बोर्डातील एमसीबी हा आपोआप बंद होणारा स्विच पडेलच असे नाही, कारण त्याचे काम जादा भार आणि शॉर्टसर्किटपासून वायरिंग वाचवण्याचे आहे. माणसाचा जीव वाचवण्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे इतका प्रवाह गळताच वीज तोडणारा स्विच, लागतो. तो बोर्डात आहे की नाही, हे किती भाडेकरूंना ठाऊक असते? आणि नसल्यास, दुसऱ्याच्या घरातील बोर्ड बदलण्याचा अधिकार त्यांना कुठे असतो?

म्हणून ही जबाबदारी मालकाचीच असली पाहिजे. भाडेकरूने स्वतः आणलेल्या इस्त्रीची किंवा हीटरची काळजी त्याने घ्यावी, हे मला मान्य आहे. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार खासगी भाड्याच्या घरातील वायरिंगची किमान दर ५ वर्षांनी तपासणी करून अहवाल भाडेकरूला द्यावा लागतो आणि त्यात निघालेले दोष २८ दिवसांत, धोका मोठा असल्यास त्याआधीच, दूर करावे लागतात. मात्र ते नियम घराच्या पक्क्या वायरिंगपुरते आहेत. मालकाने दिलेला फ्रिज किंवा वॉशिंग मशीन त्यांत येत नाही. आपल्या नियमात ही उणीव राहू नये.

घराचा ताबा देण्यापूर्वी मालकाने वायरिंग, अर्थिंग आणि दिलेले प्रत्येक उपकरण परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून तपासून घ्यावे आणि अहवालाची प्रत कराराला जोडावी, अशी सक्ती आपण करावी. वस्तूंच्या यादीत ‘चालू स्थितीत’ या शब्दांशेजारी तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याची सही यांसाठी एक रकाना असावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक भाडेकरू