धमडक्याची दोन पाकिटे

दादर, मुंबई
दि. १२ नोव्हेंबर

चि. बाळ हिस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. पुढच्या महिन्यात कच्छला जाण्याचे तुझे पहिले स्वतंत्र काम ठरले, हे वाचून आजीला आणि मला फार आनंद झाला. पत्राच्या शेवटी तू जो प्रश्न विचारला आहेस त्याचे उत्तर फोनवर देता आले असते. परंतु फोनवर आपले बोलणे जेवणखाण आणि गाड्यांच्या वेळा यांतच संपते, म्हणून सावकाश लिहायला बसले आहे.

तू विचारतेस की, फॅशनची छायाचित्रे मी पोटासाठी काढली आणि भूकंप, पूर, निर्वासितांच्या छावण्या यांची मनासाठी काढली असे समजायचे का, आणि पुढे तुलाही या दोहोंपैकी एकच वाट धरावी लागेल का. माझ्या बरोबरीच्या पुष्कळ जणांनी अशीच वाटणी केली होती. सुरुवातीची सात-आठ वर्षे मीही तसेच मानत होते. ते चूक होते. मात्र ते का चूक होते हे सांगण्यासाठी मला किल्लारीच्या भूकंपापासून सुरुवात करावी लागेल.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तो भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून माणसे उशिरा झोपली होती. मराठवाड्यातल्या त्या घरांच्या भिंती दोन-दोन हात रुंदीच्या, मातीत रचलेल्या दगडांच्या, आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या गारवा दिला, तीच घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि एका दैनिकात छायाचित्रकार म्हणून लागून मला वर्षही झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी उमरग्यावरून सास्तूरला पोचले तेव्हा पाऊस लागला होता, आणि पडलेल्या घरांचीच लाकडे सरणाला लावली जात होती.

तिथे एका ढिगाऱ्याच्या कडेला एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर पितळेची परात होती आणि परातीत मातीत कालवली गेलेली ज्वारी होती. ती एकेक दाणा निवडून पदरात टाकत होती. चेहऱ्यावर, केसांवर, कपाळावर पांढुरकी माती बसली होती. मी तीन फ्रेम घेतल्या, रोल संपला, दुसरा भरला आणि पुढे गेले. तिचे नाव विचारले नाही. रोल सोलापूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले आणि छायाचित्र पहिल्या पानावर छापून आले. खाली ओळ होती : भूकंपात पती गमावलेली महिला. कपाळ मोकळे दिसले म्हणून कार्यालयात बातम्या संपादित करणाऱ्या डेस्कवरच्या कोणीतरी तसे लिहिले होते.

वर्षभराने मी पुन्हा त्या भागात गेले तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये ती भेटली. तिचा नवरा त्या रात्री सोलापूरला हमालीवर होता, म्हणून वाचला होता. आम्ही बोलत होतो तेव्हा तो दाराशीच बसला होता. तिने पिशवीतून वर्तमानपत्राचे कात्रण काढले. घडी पडून पडून त्याचे चार तुकडे व्हायला आले होते. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “बाई, कुकू होतं की मला. मातीखाली होतं.”

ओळ डेस्कने लिहिली होती हे खरे. परंतु जी रिकामी जागा त्यांनी भरली ती माझी होती. मी गावाच्या नावापलीकडे एक अक्षर पाठवले नव्हते. तिचे नाव मी त्या दिवशी वहीत लिहून घेतले आणि आजही ते त्या वहीत आहे.

आता फॅशनकडे येते. ऑगस्ट २००० मध्ये दिल्लीत आपल्या देशातला पहिला फॅशन वीक भरला, तेव्हा एका मासिकासाठी मी तो टिपायला गेले. रॅम्पच्या टोकाला पायऱ्यापायऱ्यांचा मचाण असतो. जमिनीवर चिकटपट्टीने प्रत्येकाचे नाव लावलेले असते आणि तेवढ्याच जागेत तासन् तास उभे राहायचे असते. एक पोशाख आपल्याला नीट दिसतो तो दोन-तीन सेकंद. पुढचे पाऊल जमिनीवर पूर्ण टेकल्यावर बटण दाबायचे, कारण त्याच क्षणी कापड आपल्या वजनाने खाली उतरते आणि त्याचा पोत दिसतो. अर्धा क्षण आधी दाबले तर नुसती चाल दिसते. हे तू शिकलीच आहेस. परंतु मला तिथे वेगळीच गोष्ट लक्षात आली. आमच्या हातात जो कागद दिला होता त्यावर प्रत्येक पोशाखाचा क्रमांक, मॉडेलचे नाव, कापड कोणते, केस कोणी केले, रंगभूषा कोणी केली, हे सगळे ओळीने छापलेले होते. स्टुडिओत तर मॉडेल आधी करारावर सही करायची, कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलमधल्या सगळ्या फ्रेमची एकत्र छोटी प्रिंट, पाहायची, हा फोटो नको असे म्हणायची आणि तिचे ऐकले जायचे.  रेशीम नेसलेल्या मुलीला जे सहज मिळत होते, त्यातले परात मांडीवर घेऊन बसलेल्या त्या बाईला मी काहीच दिले नव्हते.

पाच महिन्यांनी, २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छ हादरले. तू दोन वर्षांची होतीस. तुला आजीच्या स्वाधीन करून मी निघाले आणि एकोणीस दिवस परतले नाही. परतल्यावर तू पहिल्यांदा आजीच्याच मागे लपलीस. अंजारमध्ये अरुंद गल्लीतून प्रजासत्ताक दिनाची फेरी काढणारी शाळकरी मुले दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडली गेली होती. तिथे मी कॅमेरा दोन दिवस पिशवीतच ठेवला, आणि त्याबद्दल कार्यालयाला काय वाटले याची मला आजही खंत नाही.

त्या वेळी माझ्याजवळ दोनशे पानी वही होती आणि तिच्यात मी रॅम्पवरच्या कागदासारखेच रकाने आखले होते : क्रमांक, नाव, गाव, माणूस काय करत आहे, छापायला होकार आहे का, प्रिंट कोणत्या पत्त्यावर पोचवायची. काहींनी नको म्हटले; मी कॅमेरा खाली घेतला. एका आजोबांनी मला थांबवून आधी तोंड धुतले, फेटा बांधला आणि मग माझ्यासमोर बसले. बातमीचे छायाचित्र असे तयारीने काढायचे नसते, असे मला शिकवलेले होते, आणि माझ्याबरोबरच्या एका छायाचित्रकाराने त्यावर आक्षेपही घेतला. मला मात्र वाटले, आणि अजूनही ठामपणे वाटते, की ज्याचे घर चार दिवसांपूर्वी पडले आहे त्या माणसाला फेटा बांधावासा वाटणे हीच त्या दिवसाची सर्वांत महत्त्वाची बातमी होती. माणसाने स्वतःला हवे तसे बसावे. आपण कोणालाही बस, रड, मूल जवळ घे असे सांगायचे नाही. ही रेघ तू कधी ओलांडू नकोस.

ते आजोबा कच्छमधल्या धमडका गावचे होते, अजरख म्हणजे लाकडी ठशांनी नैसर्गिक रंगांत छापलेले कापड तयार करणाऱ्या खत्री समाजातले. अजरखाचे कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. मग गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस कुजवून जे काळे पाणी तयार होते ते लाकडी ठशाने कापडावर उठवतात. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की पक्का काळा रंग धरतो. त्यानंतर मंजिष्ठेचा तांबडा, निळीचा निळा, आणि या सगळ्यामध्ये पुन्हा पुन्हा भरपूर पाण्यात धुणे. भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले. म्हणजे जे लोखंड ठशापुरते हवे होते ते धुण्याच्या पाण्यातच आले आणि रंग मळकट होऊ लागले. घर पुन्हा बांधता येते. पण पाणीच बिघडले तर ज्याचा सगळा धंदा पाण्यावर आहे त्याने काय करावे? म्हणून त्यांच्यापैकी कित्येक कुटुंबांनी भुजजवळ नवी जागा घेऊन अजरखपूर वसवले.

२००६ मध्ये मी पुन्हा तिकडे गेले ती एका फॅशन मासिकाच्या कामासाठी. भूकंपात ज्यांच्या हातात ब्लँकेट देताना मी पाहिले होते, तेच लोक आता कापडाचा भाव ठरवत होते आणि खरेदीला आलेली माणसे मुकाट ऐकत होती. त्या दिवशी तू म्हणतेस ती वाटणी माझ्यापुरती संपली. ब्लँकेटची गरज एक हिवाळा होती. त्यानंतर त्यांना गरज होती ती त्यांच्या कामाला योग्य किंमत देणाऱ्या गिऱ्हाइकाची, आणि असे गिऱ्हाईक चांगले छापलेले फॅशनचे पान आणू शकत होते. एकाच गावाची ती दोन्ही कामे होती.

याची दुसरी बाजू मी ढाक्याजवळ सावारला पाहिली. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या लोकांना घरी पाठवले. वरच्या कारखान्यांतल्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. मी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिथे पोचले. मृतदेह ओळखण्यासाठी अधरचंद्र शाळेच्या मैदानावर ठेवले जात होते आणि तिथे नातेवाईक हातात पासपोर्ट आकाराचे फोटो धरून उभे होते. कोपऱ्यातल्या स्टुडिओत, निळ्या पडद्यासमोर, नोकरीच्या अर्जासाठी काढलेले ते फोटो. एका आईने तो फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली होती, पावसाने भिजू नये म्हणून. माझ्या खांद्यावर दोन महागडे कॅमेरे होते, आणि त्या मैदानावर त्या एका फोटोइतके काम त्यांतल्या कशालाच नव्हते.

ढिगाऱ्यात एकमेकांना मिठीत घेतलेल्या स्त्री-पुरुषांचे जे छायाचित्र तू पाहिले आहेस, ते तस्लिमा अख्तर यांनी काढलेले आहे. त्या स्वतः शिलाई कामगारांच्या संघटनेत काम करतात. ती दोघे कोण होती हे शोधण्यासाठी त्यांनी पुष्कळ प्रयत्न केले. या धंद्यातल्या माझ्या आदराच्या माणसांत मी त्यांचे नाव फार वर ठेवते, आणि त्याचे कारण जितके ते छायाचित्र आहे तितकाच तो शोध आहे.

सावारहून परतल्यावर मी मासिकांकडे एक मागणी सुरू केली : पोशाखाखाली डिझायनरच्या नावाबरोबर कापड कोठे विणले आणि कोठे शिवले याची एक ओळ द्यावी. दोघांनी मान्य केले. एका मोठ्या मासिकाने नकार दिला आणि मी त्यांचे काम सोडले. तू नववीत होतीस. त्या वर्षी तुझ्या सहलीचे पैसे भरायला मला उशीर झाला, हे तुला आठवत असेल. तेव्हा कारण सांगितले नव्हते, आता सांगते.

तू ली मिलरबद्दलही लिहिले आहेस. ती आधी मॉडेल होती, मग ‘व्होग’साठी फॅशन टिपू लागली, आणि १९४४-४५ मध्ये त्याच मासिकासाठी युद्धात गेली, नाझी छळछावण्यांची तिची छायाचित्रे जून १९४५ मध्ये अमेरिकेतल्या ‘व्होग’ने छापली. नंतर तिने ते सगळे माळ्यावर ठेवून दिले, आणि १९७७ मध्ये ती गेल्यावर तिच्या मुलाच्या घरच्यांना ते खोक्यांत सापडले. आपल्या आईने काय पाहिले होते हे त्या मुलाला तेव्हा कळले. तुझ्या पाचवीच्या स्नेहसंमेलनाला मी का नव्हते, हे तुला माळ्यावरच्या खोक्यातून कळावे असे मला मुळीच वाटत नाही. म्हणूनही हे पत्र लांबले.

कामाच्या चार गोष्टी. छावणीत गेलीस तर मदतीच्या रांगेतले अन्नपाणी घेऊ नकोस. आजी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी देणार आहे, ती पाच दिवस टिकते. परदेशी जाशील तेव्हा कॅमेऱ्यांचे क्रमांक लिहिलेले कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरते बाहेर नेत असल्याचा कस्टमसाठीचा दाखला, आधी करून घे, नाहीतर परतताना कस्टमला आपलेच सामान आपले आहे हे पटवत बसावे लागते. संकटात सापडलेल्या मुलांची ओळख उघड होईल असे काही छापायचे नाही. बाल न्याय कायदाही तेच सांगतो.

या पत्राबरोबर माझा जुना निकॉन एफएम-टू कॅमेरा पाठवत आहे. त्याचे शटर बॅटरीशिवायही चालते. त्याच खोक्यात ती वही आहे आणि दोन पाकिटे आहेत. २००१ च्या त्या वहीतल्या सर्व प्रिंट पोचल्या, या दोनच राहिल्या. मी गेले तेव्हा ती कुटुंबे धमडक्यातून हलली होती. पाकिटांवर नावे आहेत. आधी धमडक्यात विचार, मग अजरखपूरला. एक त्या फेटेवाल्या आजोबांचे आहे. ते नसतील तर घरच्यांना दे. दुसरे एका आठ वर्षांच्या मुलीचे आहे. ती आता तिशी ओलांडलेली असेल. तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते, आणि फोटोसाठी तोंड मिट असे तिच्या आईने तीनदा सांगूनही तिने ते मिटले नव्हते.

तुझी,
आई