आठवीतल्या मुलीचे वय १८ कसे?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी २१ वर्षे विज्ञान शिकवते आहे. गेल्या फेब्रुवारीत बाहेरच्या एका संस्थेने आमच्याकडे मोफत आरोग्य शिबिर घेतले. त्यात चरबी मोजणारे यंत्र होते. दिसायला वजनकाट्यासारखेच, वर चार चकचकीत धातूच्या पट्ट्या. मुलींनी अनवाणी उभे राहायचे, दहा-पंधरा सेकंदांत चिठ्ठी बाहेर. वजन, चरबीचे टक्के, स्नायू, पाणी आणि शेवटी 'शारीरिक वय', म्हणजे शरीर किती वर्षांच्या माणसासारखे आहे याचा यंत्राचा अंदाज. यंत्राजवळचा तरुण प्रत्येकीचे आकडे मोठ्याने वाचत होता, कारण शेजारच्या टेबलावर दुसरा ते वहीत उतरवून घेत होता. मागे पन्नासेक मुलींची रांग.

आठवीतली एक मुलगी सराव संपवून मैदानावरून थेट रांगेत आली. आमच्या खो-खो संघाची ती कर्णधार. खांबाजवळ सूर मारून गडी बाद करावा तर तिनेच. धुळीचे तळपाय ओढणीने पुसून ती यंत्रावर चढली. चरबी ३२.४ टक्के, शारीरिक वय २९. हे आकडे सगळ्या रांगेने ऐकले. कोणीतरी हसले.

चौथ्या दिवशी तिची आई द्राक्षाची काढणी सोडून शाळेत आली. म्हणाली, "मॅडम, पोरगी भाकरीला हात लावंना झालीया. मशीननं सांगितलंय म्हनं, तू जाड हाईस." त्याच सकाळी प्रार्थनेच्या वेळी मुलगी चक्कर येऊन खाली बसली होती.

मी तिच्याकडून चिठ्ठी मागितली. कंपासपेटीत चार घड्या घालून ठेवली होती. आकड्यांच्या वर बारीक अक्षरात छापले होते : वय १८, उंची १४६. मुलगी १४ वर्षांची. वर्गातल्या आणखी चिठ्ठ्या मागवल्या. सगळ्यांवर वय १८. संस्थेच्या माणसाला फोन केला, तर त्याने सरळ सांगितले, "मॅडम, यंत्र अठराच्या खालचं वय घेतलं तर नुसतं वजन दाखवतं, चरबी दाखवत नाही. म्हणून सगळ्यांना अठरा टाकलं." त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. आपण काही चुकीचे केले असे त्याला वाटलेच नव्हते, आणि मला याचीच जास्त काळजी वाटते.

हे यंत्र चरबी मोजत नाही. ते मोजते फक्त विजेला होणारा अडथळा, म्हणजे रोध. एका तळपायातून अगदी क्षीण प्रत्यावर्ती धारा सोडतात, ती दुसऱ्या पायातून बाहेर पडते. (काही पालकांनी करंटची धास्ती घेतली होती. ती नको. ही धारा एक मिलीअँपिअरपेक्षाही कमी असते, बहुतेक यंत्रांत ५० किलोहर्ट्झची. शरीराला तिची जाणीवही होत नाही.) स्नायूंत आणि रक्तात पाणी व क्षार असतात, तिथून धारा सहज जाते. चरबीत पाणी कमी, तिथे अडते. नववीत आपण शिकवतो की तार लांब असेल तर रोध जास्त आणि जाड असेल तर कमी. तेच सूत्र उलटे फिरवले की कळते, शरीरातल्या पाण्याचे आकारमान उंचीच्या वर्गाला रोधाने भागून येणाऱ्या संख्येच्या प्रमाणात असते. पाण्यावरून चरबीविरहित वजन काढतात, ते एकूण वजनातून वजा करतात आणि उरते त्याला चरबी म्हणतात. म्हणजे मोजमाप एक, आणि बाकी सगळे कुणीतरी कुठल्यातरी माणसांवर अभ्यास करून बसवलेले समीकरण. ती माणसे प्रौढ असतील, तर समीकरण प्रौढांचे.

आता त्या १४६ कडे या. ती उंची जूनमध्ये शाळेच्या नोंदवहीत घातलेली. त्या दिवशी कुणी मोजलीच नव्हती, नोंदवहीतूनच सगळ्यांची उतरवली होती. मी तिला भिंतीला टेकवून उभे केले, डोक्यावर पुस्तक आडवे धरून खूण केली आणि टेप लावला. १५१ भरली. वाढीच्या भरात मुली वर्षाला सहा-सात सेंटिमीटर सहज वाढतात. १४६ चा वर्ग २१,३१६ आणि १५१ चा २२,८०१. तफावत सात टक्क्यांची. यंत्राने तिचे शरीर आखूड धरले, म्हणून पाणी तेवढ्या टक्क्यांनी कमी, म्हणून स्नायू कमी, आणि जे उरले ते चरबीच्या खात्यावर. पाच सेंटिमीटर वाढल्याची ही शिक्षा त्या पोरीला झाली.

सगळ्या चुका एकाच दिशेला जातात असेही नाही. प्रौढांच्या चरबीविरहित शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी धरतात. नवजात बाळात ते ८० टक्क्यांच्या आसपास असते आणि मूल मोठे होईल तसे हळूहळू उतरत जाते. म्हणून किशोरवयीन मुलाला प्रौढांचे प्रमाण लावले, तर चरबी उलट कमी दिसते. एक चूक आकडा वर ढकलते, दुसरी खाली ओढते. दोन्ही मिळून छापलेले ३२.४ म्हणजे नेमके काय, हे कोणी सांगू शकत नाही. दशांश चिन्हापुढचा तो चार मात्र मुलीच्या मनात पक्का बसतो.

घरी माझ्याकडे असेच एक साधे यंत्र आहे. आठ दिवस मी स्वतःला मोजले, सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी शाळेतून आल्यावर. संध्याकाळचा चरबीचा आकडा रोज दीड-दोन टक्क्यांनी कमी. दिवसभर वर्गात उभे राहून पाणी पायांत उतरते, पायांचा रोध घटतो आणि यंत्राला वाटते चरबी झडली. मग त्यावरचे 'खेळाडू' हे बटण दाबले. मी जागची हललेही नाही आणि सहा टक्के चरबी गेली! शरीर तेच, रोध तोच, फक्त समीकरण बदलले. शिवाय दोन पायांच्या यंत्रातली धारा कंबरेच्या वर फारशी जातच नाही. हातापायांना वेगळे इलेक्ट्रोड असलेली यंत्रे यापेक्षा चांगली. पण धडाचे वजन शरीराच्या जवळपास निम्मे आणि एकूण रोधातला त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास, ही अडचण तिथेही राहतेच. नीट मोजणारे लोक आधी लघवीला जाऊन यायला सांगतात, उपाशीपोटी, व्यायामाच्या आधी मोजतात आणि पडून मोजायचे असेल तर पाच-दहा मिनिटे शांत आडवे ठेवतात. आमच्या मुली पोषण आहाराची खिचडी खाऊन आणि खो-खो खेळून आल्या होत्या.

यंत्र बंद करा, असे माझे म्हणणे नाही. उलट आपल्याकडे त्याची गरज जास्त आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र आले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. काट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरे आतून इतकी वेगळी असू शकतात. माझ्या वर्गातही हडकुळी मुले आहेत ज्यांच्या वडिलांना चाळिशीच्या आत मधुमेह झाला. त्यांना कोणी जाड म्हणणार नाही आणि तपासणारही नाही. अशा मुलांसाठी हे तंत्र कामाचे आहे, पण ते मुलांच्या मापाने वापरले तर. पुण्यातल्याच संशोधकांनी २०१७ मध्ये 'इंडियन पेडिअॅट्रिक्स' या बालरोगविषयक नियतकालिकात भारतीय मुलामुलींसाठी याच पद्धतीने मोजलेल्या चरबीचे आणि स्नायूंचे वयानुसार आलेख दिले आहेत. चौदा वर्षांच्या मुलीची तुलना चौदा वर्षांच्या मुलींशी करता येते. वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी वाढते आणि मुलांचे स्नायू, ही निसर्गाची चाल आहे. तिला प्रौढांच्या तक्त्यात घालून 'जास्त' असा शिक्का मारणे हा तपासणीतला दोष आहे, मुलीतला नव्हे.

शिक्षण विभागाने आणि आरोग्य विभागाने मिळून एवढे ठरवावे : ज्या यंत्राला मुलांचे वय चालत नाही, त्याने मुलांची चरबी काढायची नाही. खोटे वय घालणे म्हणजे खोटा दाखला देणे, मग शिबिर फुकट असो की विकत. उंची त्याच दिवशी, त्याच खोलीत मोजावी. पालकांची लेखी संमती घ्यावी. आकडा मुलाच्या हातात देऊ नये, मोठ्याने तर वाचूच नये. बंद पाकिटात पालकांना द्यावा आणि सोबत समजावून सांगणारे कोणीतरी असावे. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी आपण ज्या मुलींना देतो, त्याच मुली चिठ्ठीपायी डबा परत नेऊ लागल्या, तर गोळीचा काय उपयोग?

मी त्या मुलीला आणि तिच्या आईला विज्ञानाच्या खोलीत बसवून १४६ आणि १५१ या दोन्ही उंचींचे वर्ग फळ्यावर करून दाखवले. आईला आकडेमोड कळली नाही, पण वय १८ छापलेले तिने बोट ठेवून दोनदा बघितले आणि म्हणाली, "हिच्या थोरल्या भनीचंबी अजून अठरा झालं न्हाई." मुलगी आता डबा खाते. तरी भाकरी अर्धीच.

हीच संस्था पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या शाळेत जाणार आहे, असे कळते. तिथल्या शिक्षकांनी चिठ्ठीवरचे वय आधी वाचावे, यासाठी हे पत्र तातडीने छापावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका, जि. सांगली
(विद्यार्थिनीची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे व शाळेचे नाव छापू नये.)