उंदीर म्हातारे झाले, हप्ता काही आला नाही

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
स. न. वि. वि.

काल मेसेज आला, माझी तक्रार "निकाली काढण्यात आली आहे". लगेच बँकेचं ॲप उघडलं तर खात्यात तेच बाराशे काहीतरी. दिवाळीपासून फेलोशिप नाही. जानेवारीत संबंधित ऑफिसने मेलवर लिहून दिलं होतं, पंधरा दिवसांत जमा होईल, आता शिमगा आला. मग नक्की काय निकाली काढलं?

मी पुण्यात पीएचडी करते, मेंदूतल्या सुजेवर. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, कचरा उचलायचा, जंतू आले तर मारायचे ही त्यांची ड्युटी. वय झालं, अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा गाळ साचला की त्या चवताळतात आणि शांतच होत नाहीत, सोसायटीच्या वॉचमनने चोर सोडून रहिवाशांनाच बडवावं तसं. टीएनएफ-अल्फा, आयएल-1 बीटा असली रसायनं सोडत राहतात नि चांगले न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या चेतापेशी, मरायला लागतात. अल्झायमर, पार्किन्सन दोन्हीत हे दिसतं. सूज आधी की आजार आधी यावर अजून वाद चालू आहेत, तेच तर शोधायचंय.

त्यासाठी म्हातारे उंदीर लागतात. उंदीर म्हातारा व्हायला दीड वर्ष जातं साहेब, त्याच्यावर "अर्जंट" शेरा मारून चालत नाही. आमचे झाले होते, आणि नेमका तेव्हाच ग्रँटचा दुसरा हप्ता अडकला, का तर पहिल्याच्या युटिलायझेशन सर्टिफिकेटवर, म्हणजे पैसे कुठे खर्चले त्या दाखल्यावर, एक सही राहिली, मग फॉरमॅट बदलला, मग अकाउंटच बदला म्हणाले. प्रयोगाला लागणारी अँटिबॉडी बाहेरून येते, यायला दीड-दोन महिने, कस्टममध्ये पडून ड्राय आइस उडाला तर सरळ फेकायची. तोवर निम्मे उंदीर वयानेच मेले. शनिवार-रविवार न बघता त्यांची वजनं घेतलीयत मी, पिंजरे बदललेत, त्या दिवशी ॲनिमल हाउसच्या जिन्यात बसून रडले. गाईड म्हणाल्या परत सुरू करू. परत म्हणजे अजून दीड वर्ष! फेलोशिप पाच वर्षांची, माझं चौथं संपत आलंय.

बाबा विचारतात पगार झाला का, मी हो म्हणते. धाकटा भाऊ बारावीनंतर कंपनीत लागला, तो मला जीपे करतो. लाज वाटते. 2023 ला ज्युनियर फेलोशिप 31 हजारांची 37 हजार केलीत तेव्हा केवढ्या बातम्या, आम्हीपण स्टेटस ठेवले होते! कागदावरचे हजार घरमालक घेत नाही हो.

देशात साठीच्या पुढचे 88 लाख लोक डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, असा अंदाज आहे, आणि रिसर्चवर आपण घालतो जीडीपीच्या 0.64 टक्के. चीन अडीचच्या आसपास, दक्षिण कोरिया पाचच्या जवळ. 2024 च्या बजेटमध्ये तर लॅबच्या केमिकलवरची कस्टम ड्युटी 10 वरून 150 टक्के केली होती, ओरड झाल्यावर खाली आणली, म्हणजे करण्याआधी एकाही लॅबला विचारावंसं वाटलं नाही? रिसर्चला पैसे देणाऱ्या सरकारी अनुसंधान फाउंडेशनचे 50 हजार कोटी भाषणाभाषणांत येतात, त्यातले बरेचसे खासगीकडून यायचेत हे मात्र येत नाही. अल्झायमरवरचं लेकॅनेमॅब हे औषध 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, किंमत वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर, त्यानेही काही पेशंटच्या मेंदूत सूज येते, रक्तस्राव होतो. टीआरईएम2 या जीनमधल्या बदलाने अल्झायमरचा धोका वाढतो हे 2013 ला कळलं ते आइसलँडच्या लोकांवरून, चार लाखांच्या आसपास वस्ती त्या देशाची! आपल्या आजी-आजोबांचं कोण बघणार? आपल्याकडे "वय झालं, विसरायचंच" म्हणून विषय संपतो, आणि तेच सरकारला सोयीचं पडतं असं मला आता वाटायला लागलंय. खांबाखांबावर फोटो लावणाऱ्या कंत्राटदाराचं बिल कधी एका सहीवाचून अडकलेलं ऐकलंय का कोणी?

मागणं फार नाही. फेलोशिप महिन्याच्या महिन्याला द्या, ग्रँट वर्षाच्या सुरुवातीला द्या, फेब्रुवारीत टाकून मार्च एंडला उरलेले परत मागू नका. नवीन उंदीर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घ्यायचेत, फॉर्मवर गाईडची सही झालीय, फक्त अकाउंटवाले विचारतायत पैसे कुठल्या हेडमधून टाकायचे. काय सांगू?

एक रिसर्च स्कॉलर, पुणे
(नाव लिहीत नाही, उगाच गाईडना फोन जायला नकोत)