अंगकोटमधली पोरं

बांडुंग, इंडोनेशिया, रविवार रात्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या मागं केस तुऱ्यासारखे उभे केलेला तो मुलगा दिसला आणि आई, तू बोलता बोलता गप्पच झालीस. मग बाबांचा आवाज आला, "कुठं बसलीयस तू? कोण आहेत ती?" मी काही सांगायच्या आत रेंज गेली. नंतर दोन दिवस तुम्ही दोघांनीही विषय काढला नाही, म्हणजे काळजी लागून राहिलीय हे मला समजलं. हे फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितेय. शेजारच्या काकांकडून मोठ्या अक्षरात छापून घ्या आणि सावकाश वाचा.

मी चहाच्या टपरीवर बसले होते. ती पोरं माझ्या ओळखीची आहेत. मला त्यांच्यापासून काही धोका नाही, हे आधी सांगून टाकते.

मजालायाहून, कामावरून घरी यायला मी अंगकोट पकडते. अंगकोट म्हणजे आपलं वडाप समजा. छोटी गाडी, दोन्ही बाजूंना बाकडी, गुडघ्याला गुडघा. सिग्नलला गाडी थांबली की मागच्या दारात दोन पोरं लटकतात. एकाच्या हातात उकुलेले, छोटीशी चार तारांची गिटार. दुसऱ्याच्या कमरेला प्लास्टिकच्या पाइपांचा ढोल. पाण्याचे पाइप कापायचे, तोंडावर टायरच्या ट्यूबचं रबर ताणून बसवायचं, की झाला ढोल. एक गाणं म्हणतात आणि गोळ्यांची रिकामी पिशवी पुढं करतात. कुणी पाचशे रुपयांचं नाणं टाकतं, कुणी दोन हजारांची नोट. (दचकू नका, हे इथले रुपये, रुपिया. हजाराला आपले पाच-सहा रुपये होतात.) याला इथं ङामेन म्हणतात. गाणं म्हणून कमावणं. कुणी काहीच दिलं नाही तरी "तरिमा कासिह", म्हणजे धन्यवाद, म्हणून उतरतात.

या पोरांना लोक अनाक पंक म्हणतात. अनाक म्हणजे मूल, पोर. पंक हे मूळचं इंग्लंड-अमेरिकेतलं संगीत. इथं नव्वदीच्या सुरुवातीला आलं तेव्हा ते बऱ्या घरच्या, कॅसेटी मिळवू शकणाऱ्या मुलांचं होतं. रस्त्यावरच्या पोरांपर्यंत ते पोचलं ते मोठ्या पडझडीनंतर. १९९७ च्या मध्यावर एका डॉलरला अडीच हजारांच्या आसपास रुपिया पडत होते, पुढच्या वर्षी तोच डॉलर पंधरा हजारांच्या पलीकडं गेला. कारखाने बंद पडले, तांदूळ-तेल महागलं, दंगली झाल्या. बत्तीस वर्षं राज्य केलेल्या सुहार्तोंनी २१ मे १९९८ ला खुर्ची सोडली. बाबा, तुम्हाला साच्यांचा, यंत्रमागांचा संप आठवतो. आठवडाभर खर्ची मिळाली नाही तर आपल्या गल्लीत काय व्हायचं ते आपण पाहिलंय. इथं ते अख्ख्या देशाचं झालं. त्यात जी घरं मोडली, त्यांतली पोरं बाहेर पडली. तेव्हापासून घराबाहेर पडणाऱ्या पोराला रस्त्यावर एक जागा तयार मिळते, ती ही.

मजालाया हे आपल्यासारखंच मागांचं गाव. साठच्या दशकात इथं इतका पैसा होता की लोक त्याला डॉलरचं शहर म्हणायचे. आता कितीतरी शेडना कुलपं आहेत आणि जवळून वाहणारी चितारुम नदी बघितली की मला पंचगंगाच आठवते.

माझ्या ओळखीचा मुलगा, ज्याला तुम्ही पाहिलंत, तो मध्य जावातल्या एका गावचा. वय सतरा. वडील मासेमारीला जायचे ते परत आले नाहीत, आईनं दुसरं लग्न केलं, सावत्र बापाचा मार सोसवेना तेव्हा चौदाव्या वर्षी मालट्रकला हात करून निघाला. दोन रात्री तो स्टेशनबाहेर एकटाच झोपला. तिसऱ्या रात्री ही पोरं भेटली. त्यांनी पहिलं काय विचारलं माहितीय? "जेवलास का?" नाव-गाव नंतर.

मला त्यांच्या जेवणाचंच जास्त सांगायचंय. दिवसभराची कमाई गोळ्यांच्या पिशव्यांतून एका ठिकाणी ओततात. त्यातून दोन-तीन पुडे भात येतो. नासी बुंगकुस म्हणतात त्याला, कागदात बांधलेला भात, वर जरा भाजी, मिरचीची चटणी, जमलं तर अर्धं अंडं. ते कागद जमिनीवर एकमेकांना जोडून उघडतात, भात मधे ढकलतात आणि सात-आठ हात एकदम पडतात. जो सगळ्यात धाकटा, त्याच्याकडं अंडं सरकतं, कुणी न सांगता. मला आपल्या देवळातला काला आठवला. बाबा, तुम्ही सप्त्याच्या शेवटच्या दिवशी परातीत सगळ्यांचं एकत्र कालवायचात आणि ज्याच्या घरचा शिधा आला नसेल त्याला पहिला घास द्यायचात. जावी लोकांत एक म्हण आहे, जेवण मिळो ना मिळो, सगळे एका ठिकाणी असले म्हणजे झालं. ही पोरं ती म्हण जगतात.

आणि कपडे. मी दिवसभर कापडच तपासते, तेव्हा माझी नजर आधी तिकडंच जाणार. अंगातलं बिनबाह्यांचं जाकीट जीन्सचं, पण मूळ कापड शोधावं लागतं, इतके तुकडे त्यावर शिवलेले. टाके हाताचे, जाड काळ्या दोऱ्याचे, कुठं लांब कुठं आखूड. त्यांच्यातल्या एका मुलीच्या कॉलरला कायम सुई टोचलेली असते. जो नवीन येईल त्याच्या जाकिटावर पहिला तुकडा ती शिवून देते. तिला मी विचारलं, एवढे खिळे, साखळ्या, एवढं भयंकर कशाला दिसायचं? ती म्हणाली, "रात्री झोपल्यावर कुणी जवळ येत नाही." आई, ती एकोणीस वर्षांची आहे. यावर मला पुढं काही विचारवलं नाही.

तुकड्यांवरची चित्रं ती स्वतःच छापतात. लाकडी फळीवर चित्र उलटं कोरायचं, शाई लावायची, वर कापड टाकायचं आणि त्यावर अनवाणी उभं राहून नाचायचं. खरंच, पायांनी दाबून छापतात. छपाईचं यंत्र कुठून आणणार? कापड उचललं की खाली मुठी वळलेल्या कामगार बायका, भाताची लोंबी, कधी मार्सिनाचा चेहरा. मार्सिना ही पूर्व जावातल्या घड्याळाच्या कारखान्यातली कामगार. पगारवाढीच्या संपात पुढं होती म्हणून १९९३ मध्ये तिला मारून टाकलं. मार्जिनाल नावाचा जकार्तातला पंक बँड आहे, त्यांनी तिच्यावर गाणं केलंय. दक्षिण जकार्तात त्यांचं ठिकाण आहे, तारिंग बाबी नावाचं. रस्त्यावरच्या पोरांना तिथं उकुलेले वाजवायला, फळी कोरायला, टी-शर्ट छापायला शिकवतात. आमच्या इथल्या पोरांतला एक तिथं राहून शिकून आला, त्यानं बाकीच्यांना शिकवलं.

मी त्यांना देव बनवत नाही. त्यांच्यात पिणारे आहेत, बूट चिकटवायचा गोंद हुंगणारी बारकी पोरं आहेत, मारामाऱ्या होतात, अंगावर गोंदलेलं बघून नंतर कुणी नोकरीला ठेवत नाही. हुंगणाऱ्या पोराच्या हातून डबा काढून घेताना मी त्या मुलीला रडताना पाहिलंय. पण त्या पोराला तिनं टाकलं नाही, रात्रभर त्याच्या उशाशी बसली.

लोकांना मात्र वरचंच दिसतं. जकार्तात २००७ चा नियम आहे, रस्त्यावर गाणं म्हणून पैसे मागणं गुन्हा आणि त्यांना पैसे देणं हाही गुन्हा. अधूनमधून धरपकड होते, तिला राझिया म्हणतात. सगळ्यात वाईट झालं ते आचेमध्ये, सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाच्या प्रांतात, डिसेंबर २०११ मध्ये. अनाथ मुलांसाठी पैसे जमवायला तिथल्या बांदा आचे शहरात पंक पोरांनी गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. पोलिसांनी साठाहून जास्त जणांना उचललं, मुलांची डोकी भादरली, मुलींचे केस कापले, तळ्यात बुचकळलं आणि दहा दिवस पोलिसांच्या प्रशिक्षण शाळेत ठेवलं. गुन्हा कुठलाच नाही. सुधारण्यासाठी, म्हणे. तेव्हा लंडनमध्ये इंडोनेशियाच्या वकिलातीसमोर तिथल्या पंक पोरांनी निदर्शनं केली. ज्यांना कधी पाहिलंही नव्हतं, त्यांच्यासाठी.

वेगळ्या वाटेनं जाणारेही आहेत, बाबा, हे तुम्हाला आवडेल. जकार्तात तेबेतच्या पुलाखाली हलिम अंबिया नावाचे एक गुरुजी याच पोरांना कुराण वाचायला शिकवत आले. आधी केस काप, गोंदण पुस, मग ये, असं ते म्हणत नाहीत. आहे तसा बस म्हणतात. आणि पुर्बालिंग्गाचा सुकातानी नावाचा बँड आहे, दोघंच जण, तोंड झाकून गातात आणि कार्यक्रमात लोकांना भाजीपाला वाटतात. पोलिसांच्या लाचखोरीवर गाणं केलं म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांना तोंडावरचं फडकं काढून माफी मागावी लागली. त्याच महिन्यात विद्यार्थ्यांचे मोर्चे निघाले आणि त्यांत तेच गाणं हजारो जणांनी म्हटलं.

आता जे लिहायचंय त्यासाठी मी दोन दिवस थांबले होते.

आचेतल्या त्या पोरांचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले, भादरलेली डोकी, खाली घातलेल्या माना, आणि मला आपला बाळू दिसला. बारावीत त्यानं केस वाढवले होते, कानात बाळी घातली होती. बाबा, तुम्ही रात्रपाळी करून आलात, त्याला हाताला धरून कोपऱ्यावरच्या दुकानात नेलंत आणि तुळतुळीत करून आणलंत. सगळी गल्ली बघत होती. मीही दारात उभी होते. मी काहीच बोलले नाही. तुम्हाला काय वाटत होतं ते मला तेव्हाही कळत होतं. पोरगं वाया जाईल, मागावरच राहील, हीच भीती. तिसऱ्या दिवशी तो गेला आणि आठ महिने आला नाही. आई, तू आठ महिने रात्री कडी लावली नाहीस.

तो परत आल्यावर आपण त्याला एकदाही विचारलं नाही की कुठं होतास. बाबा, तुम्ही नाही, मी पण नाही. घरात तो विषय निघाला की कुणीतरी उठून आत जायचं. आता तो चाकणला आहे, पगार घरी पाठवतो, पण गणपतीत आला तरी तुमच्याशी दोन वाक्यांपलीकडं बोलत नाही.

गेल्या महिन्यात मी त्याला या पोरांचं सांगितलं. फोनवर बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, मला पण मिरज स्टेशनात पोरांनीच सांभाळलं. बाटल्या गोळा करायची ती. पहिल्या रात्री एकानं अर्धा वडापाव दिला आणि स्वतः पाणी पिऊन झोपला."

म्हणून मी त्या टपरीवर बसते. त्यांचं कौतुक म्हणून नाही. माझ्या भावाला कुणीतरी अर्धा वडापाव दिला होता आणि त्याचं देणं आपल्या घरानं कधी फेडलं नाही.

बाबा, बाळू यंदा पाच दिवस राहणार आहे म्हणतो. तुम्ही दोघं आरती झाल्यावर ओट्यावर बसता तेव्हा त्याला विचारा, ती मिरजेची पोरं कोण होती. त्याला सगळ्यांची नावं अजून पाठ आहेत.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव. मी दिवाळीला येतेय.

तुमची,
अश्विनी