आईला झटका कधी आला, हे आम्हाला कळलंच नाही

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी विजयदुर्ग खाडीकाठचा आंबा बागायतदार. आमच्या भागातल्या सरकारी रुग्णालयाला एमआरआय मशीन देऊ, असा शब्द दोन वर्षांपूर्वी मिळाला होता. खोली बांधून झाली, तिला अजून कुलूप आहे.

गेल्या महिन्यात आई रात्री दहाला झोपली. पहाटे पाचला उठली ती उजवा हात लोंबत, वाचा गेलेली. अंगावरून वारं गेलं होतं, म्हणजे मेंदूचा झटका. तासाभरात रुग्णालय गाठलं. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असावी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून सहसा साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. डॉक्टर म्हणाले, "झटका अकराला आला की साडेचारला, ठरवू कसं?" त्यांचा दोष नव्हता. ते एमआरआयवर ठरतं. रक्त न पोचलेल्या पेशी सुजतात, त्यातल्या पाण्याची हालचाल अडते, आणि डिफ्युजन नावाच्या एमआरआय चित्रात तो भाग काही मिनिटांत पांढरा उमटतो. सीटीवर तेव्हा काहीच दिसत नाही असं बऱ्याचदा होतं. फ्लेअर नावाच्या चित्रात तोच डाग यायला काही तास लागतात. पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही, म्हणजे बहुधा वेळ हातात आहे. अशा रुग्णांना इंजेक्शनचा फायदा होतो, हे युरोपातल्या चाचणीने २०१८ मध्येच दाखवलं.

घाट चढून कोल्हापूरला पोचेपर्यंत अकरा वाजले. दोन्ही चित्रांत डाग होता. मोठ्या झटक्यात मिनिटाला १९ लाख मेंदूपेशी मरतात म्हणे. घाटातल्या वळणांचा हिशोब तुम्हीच करा.

मासळीवालीशी तासभर भाव करणारी माझी आई आता खळ्यात बसते, मला हाक मारायला तोंड उघडते आणि रडते.

साहेब, माझी हापूसची पेटी रातोरात वाशीला पोचते. आईसाठी मात्र आम्हाला घाट चढावा लागला! तो मुंबई-गोवा रस्ताही २०११ पासून रखडवलात. राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्याला द्यावा, असं २०१७ चं राष्ट्रीय धोरण सांगतं. आपण किती दिला, ते सभागृहात सांगा. पैसा नव्हता म्हणू नका. भूमिपूजनाच्या मांडवाला पैसा होता, तो मी डोळ्यांनी पाहिलाय.

मशीन, ते चालवणारा तंत्रज्ञ आणि रात्रीही चित्रं वाचणारा डॉक्टर, तिन्ही हवेत. कधी देणार, ती तारीख लेखी कळवा.

आपला,
एक बागायतदार