चाळणी मतपेटीच्या आधीच लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सामान्य मतदाराला बुद्धिमान आणि कर्तबगार माणसाची पारख नसते, त्यामुळे लोकशाहीत असा माणूस सत्तेवर येणे कठीण, असे सुशिक्षित मंडळी वरचेवर म्हणतात. हा मतदारावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

या आक्षेपाला अथेन्सचा दाखला देतात. तेथे इ. स. पू. 482 च्या सुमारास अ‍ॅरिस्टायडिस या सचोटीच्या नेत्याला नागरिकांनी खापरांवर नाव लिहून हद्दपार केले. एका निरक्षर माणसाने, समोर कोण उभा आहे हे न ओळखता, त्यालाच आपल्या खापरावर 'अ‍ॅरिस्टायडिस' असे लिहून मागितले; त्याला सगळे 'न्यायी' म्हणतात हे ऐकून मी कंटाळलो आहे, एवढेच कारण त्याने सांगितले. अ‍ॅरिस्टायडिसने मुकाट्याने नाव लिहून दिले, अशी आख्यायिका आहे. मात्र पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. इराणी आक्रमण दाराशी येताच त्याच नागरिकांनी त्याला परत बोलावले आणि इ. स. पू. 479 मध्ये प्लॅटीआच्या लढाईत अथेन्सच्या सैन्याचे नेतृत्व त्याच्याकडे होते. चूक झाली, पण ती सुधारण्याची वाटही त्या व्यवस्थेतच होती.

ब्रिटनमध्ये मे 1940 मध्ये, ऐन महायुद्धात, नॉर्वेतील लष्करी अपयशावर संसदेत झालेल्या चर्चेनंतर पंतप्रधान चेंबरलेन यांच्या सरकारचे दोनशेहून अधिक मतांचे बहुमत 81 वर घसरले, कारण स्वपक्षाच्याच अनेक खासदारांनी विरोधात मत दिले किंवा मतदान टाळले. दोन दिवसांत चेंबरलेन पायउतार झाले आणि चर्चिल पंतप्रधान झाले. तेव्हा सार्वत्रिक निवडणूक झालीच नाही. दोघांनाही जवळून पाहिलेल्या सहकाऱ्यांनी हा बदल घडवला.

नेमकी येथेच आज आपली दृष्टी वळायला हवी. मतदार निवड करतो ती त्याच्यापुढे ठेवलेल्या चार-पाच नावांतून, आणि ती नावे बंद दाराआड ठरतात. तेथे इच्छुकाबद्दल विचारले जाते ते निवडून येईल का, पैसा उभा करील का, वरिष्ठांपुढे मान तुकवील का; त्याला अर्थसंकल्प वाचता येतो का, तज्ज्ञांचे ऐकून घेण्याची आणि चूक दिसल्यावर निर्णय फिरवण्याची धमक त्याच्यात आहे का, हे क्वचितच विचारले जाते. चाळल्यावरही धान्यात खडे राहिले, तर दळणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? म्हणून उमेदवार पक्षाच्या सभासदांनी गुप्त मतदानाने ठरवावा आणि त्याआधी इच्छुकांनी आपले आजवरचे काम त्यांच्यापुढे लेखी मांडावे, असे मी आग्रहाने सुचवतो.

वृत्तपत्रांकडूनही एक अपेक्षा आहे. प्रचारसभांच्या बातम्या आपण सविस्तर छापता. त्याआधी कोणत्या लायक माणसाला कोणत्या पक्षाने का डावलले, हेही तितक्याच ठळकपणे छापावे.

आपला,
एक नियमित वाचक