अण्णा, सायकल भंगारात देऊ नका

म्युन्स्टर, जर्मनी
7 जून, रविवार

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आईस,

शि. सा. नमस्कार. इकडे मी खुशाल आहे. पत्रास कारण की, काल दादाचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाला, "अण्णांची सायकल भंगारवाल्याला देऊन टाकतो बे, जिन्याखाली नुसती गंजत पडलीय." मागं वहिनीचा मिक्सर चालू होता, त्यात माझं 'नको' कुणाला ऐकू गेलं नाही. रात्री झोप लागेना. दादाशी फोनवर वाद घातला की तो दोन मिनिटांत जिंकतो. कागदावर त्याला मला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

तर अण्णा, सायकल देऊ नका. निदान श्रावणात मी येईपर्यंत तरी. का ते सांगते, जरा लांबण लागेल. बाहेर पाऊस आहे आणि चर्चच्या घंटाही वाजताहेत. या गावात एक म्हण आहे, इथं एक तर पाऊस पडतो नाही तर घंटा वाजतात, आणि दोन्ही एकदम झालं तर समजावं रविवार आहे. त्यामुळं मला वेळच वेळ आहे.

आईला एक गोष्ट कबूल करायची आहे. सुट्टीच्या दिवशी काय करतेस विचारलं की मी "काही नाही, जरा फिरून येते" म्हणते ना, ते फिरणं म्हणजे सायकलवर चाळीस-पन्नास किलोमीटर असतं. कधी ऐंशी. काळजी करशील म्हणून बोलले नाही. हेल्मेट घालते. आता दोन दिवस अबोला धर आणि मग पुढं वाच.

हे गाव सव्वातीन लाख वस्तीचं, आणि माणसांपेक्षा सायकली जास्त असं इथले लोकच सांगतात. स्टेशनासमोर जमिनीखाली सायकलींचा तळ आहे, 1999 साली बांधलेला, 3,300 सायकली मावतात. मी मात्र पहिल्याच महिन्यात आळस केला, तळावर न लावता बाहेर एका खांबाला साध्या कुलपानं बांधली आणि संध्याकाळी येऊन बघते तर खांबच शिल्लक. जुनीच घेतली होती, पण रडू आलं. इतक्या सायकली आहेत म्हटल्यावर चोरही असणारच. आता सायकलप्रेमींच्या संघटनेकडून फ्रेमवर नंबर कोरून घेतलाय, आणि कुलूप असं घेतलंय की वजनाला सायकलच्या खालोखाल.

गावाभोवती पूर्वी तटबंदी होती. ती पाडून त्या जागी दुतर्फा लिंडनची झाडं लावली आणि मधून सायकलचा रस्ता केला. साडेचार किलोमीटरचं कडं आहे, मोटारीला मज्जाव. पहिल्या रविवारी मी त्यावर निघाले आणि वीस मिनिटांत जिथून निघाले तिथंच परत आले. हसू आलं. म्हटलं, ही तर प्रदक्षिणा झाली. मग आणखी दोन घातल्या. ओळखीचं कुणी नव्हतं, घरी जाऊन करायचं काय?

नोव्हेंबरात पोलिसांनी धरलं. इथं तेव्हा पाच वाजताच काळोख होतो आणि माझा दिवा बंद होता. 20 युरो दंड. (आई, रुपयात हिशेब करू नकोस.) पावती फाडताना तो पोलीस मला शांतपणे समजावत होता की दिवा दुसऱ्याला तू दिसावीस म्हणून असतो, तुला रस्ता दिसावा म्हणून नाही. मला तुमचा डायनमो आठवला. दुसरी पाळी सुटली की रात्री बारानंतर गल्लीच्या तोंडाशी तो गुर्र करत टायरला घासायचा, आणि आई झोपेतसुद्धा तो आवाज ओळखून भाकरीचं ताट काढायला उठायची. जोरात पायडल मारलं की दिवा झगझगीत, थकून आलात की मिणमिणता. दिव्यावरून कळायचं मिलमध्ये दिवस कसा गेला ते. इथं 2013 पर्यंत सायकलला डायनमो हवाच असा कायदा होता, मग बॅटरीच्या दिव्याला परवानगी मिळाली. पण अजूनही पुष्कळ सायकलींना डायनमो असतो. चाकाच्या हबमध्येच बसवलेला. ना घासणं ना गुरगुर. चांगला आहे, पण त्यावरून कोण आलं ते ओळखता येत नाही.

आता मूळ गोष्ट. मंगळवारी संध्याकाळी कामावरून सुटलेले लोक एका चौकात जमतात आणि वीस-पंचवीस जण मिळून फेरी मारून येतात. कुणीही यावं, पैसे नाहीत, नाव विचारत नाहीत. निम्मे तरी साठीच्या पुढचे. या भागात शेताशेतांमधून अरुंद वाटा आहेत, बोलीत त्यांना 'पेटकेस' म्हणतात. म्हणजे आपली पाणंद हो! फक्त चिखल नाही आणि बैलगाडीची चाकोरी नाही. वाटा जिथं मिळतात तिथं खांबावर लाल पाटी आणि पांढरा आकडा. नकाशा लागत नाही, घरून चार आकडे लिहून घ्यायचे आणि आकड्यापासून आकड्यापर्यंत जायचं.

एका मंगळवारी मक्याच्या शेतांच्या मधोमध एका आजोबांचं मागचं चाक बसलं. सगळ्यांकडं सामान होतं, चिमुकले पंप काय, पान्हे काय, पण जादाची ट्यूब त्या मापाची कुणाकडंच नव्हती आणि भोक काही सापडेना. घमेलं नाही, पाणी प्यायच्या बाटलीत तेवढं. मी म्हटलं, द्या इकडं. ट्यूबमध्ये हवा भरली आणि ओठांजवळून हळूहळू फिरवली. एका जागी ओठाला गार फुंकर लागली. तिथं थुंकी लावली, बारीक बुडबुडा आला. ते सगळे बघतच राहिले. मग काच-कागदानं घासलं, सोल्युशन लावलं, आणि तुमच्यासारखं ते सुकेपर्यंत थांबले. एक बाई घाई करत होत्या, त्यांना म्हटलं, बोटाला चिकटायचं थांबल्याशिवाय ठिगळ लावायचं नसतं. शेवटी टायरच्या आतून बोट फिरवलं आणि काचेचा मुगाएवढा तुकडा काढला. "काटा काढल्याबिगर ट्यूब घालायची न्हाई," हे तुमचं वाक्य मी त्यांना जर्मनमध्ये सांगितलं, व्याकरण चुकलं असणार.

कुठं शिकलीस, विचारलं. म्हटलं, सोलापूरला. आमच्याकडं वेड्या बाभळीचे काटे असतात, बोटाएवढे, त्यापुढं तुमची काच काहीच नाही. हिप्परग्याच्या तलावाकडं जाताना एका रविवारी आपली तीन पंक्चर झाली होती ते आठवतंय? तिसऱ्याला सोल्युशन संपलं आणि तुम्ही मला सीटवर बसवून सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आणलीत. तेव्हापासून इथं कुणाचं चाक बसलं की सगळे माझ्याकडं बघतात. बाकी माझं नाव अजून निम्म्यांना नीट घेता येत नाही.

त्याच दिवशी थांब्यावर मी डबा उघडला. आईनं पाठवलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरीइतकं सायकलवर न्यायला सोयीचं खाणं मी जगात दुसरं पाहिलं नाही. शिळी होत नाही, कुसकरत नाही, पिशवीत आडवी बसते. आजोबांनी एक तुकडा मोडला तर कडकन आवाज झाला, ते दचकले. चटणीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसऱ्यांदा घेतली. आई, दीड महिन्याचा साठा एका संध्याकाळी संपला.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आणखी एक मेळा असतो, त्याला क्रिटिकल मास म्हणतात. 1992 मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला सुरू झालेली प्रथा, आता कुठं कुठं पोचलीय. इथल्या कायद्यात 15 पेक्षा जास्त सायकली एकत्र निघाल्या तर त्यांचा एक जथा धरतात, म्हणजे पहिली सायकल हिरव्या दिव्यात सुटली की मागं लाल झाला तरी शेवटचीपर्यंत सगळ्या निघून जातात. गड्ड्याच्या जत्रेला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघाले की सगळी वाहनं थांबून राहतात ना, तसं. इथं फक्त हलग्या नाहीत, घंट्या आहेत. मला ते पहिल्यांदा फार आवडलं. दर महिन्याला मात्र जात नाही. अडकलेल्या गाडीवाल्यांचे चेहरे बघवत नाहीत, त्यातही कुणी पाळी संपवून घरी निघालेला असेलच.

ऑक्टोबरच्या 3 तारखेला इथं राष्ट्रीय सुट्टी असते. त्या दिवशी मोठी शर्यत होते, पट्टीचे खेळाडू येतात, आणि त्याच दिवशी तुमच्या-आमच्यासारख्यांसाठीही वेगळी शर्यत. सगळ्यांत कमी अंतरात भाग घेतला. शेवटून मोजलं तर लवकर सापडेन.

त्यापेक्षा 21 दिवसांचा उपक्रम बरा. गावागावांतले लोक सलग 21 दिवस सायकलवर किती किलोमीटर गेलो ते मांडत जातात आणि गावांची आपसांत चढाओढ लागते. आमच्या कचेरीतले लोक दुधाला गेले तरी आकडा टाकतात. ते मांडताना मी सहज तुमचा हिशेब केला. घर ते मिल पाच, येताना पाच. वर्षाचे 300 दिवस धरले तर 3,000 किलोमीटर. मिलला कुलूप लागेपर्यंत आणि नंतर पूर्व भागात पॉवरलूमवर, मिळून 28 वर्षं. झाले 84,000. अण्णा, पृथ्वीचा घेर 40,000 आणि थोडा वर. तुमच्या दोन फेऱ्या झाल्या आणि वर जवळजवळ चार हजार उरले. कुणी कुठं मांडलं नाही. दादाला हा आकडा वाचून दाखवा, मग म्हणावं दे भंगारात.

मिलवरून आठवलं. इथून पश्चिमेला हॉलंडच्या हद्दीजवळ बोखोल्ट नावाचं गाव आहे. जाताना सायकल, येताना रेल्वे. तिकडंही कापडाच्या गिरण्या होत्या, तिकडच्याही बंद पडल्या. त्यांनी मात्र त्याचं संग्रहालय केलंय आणि जुने माग चालवून दाखवतात. एक माग सुरू झाला आणि धोटा इकडून तिकडं आपटायला लागला. बाकीचे फोटो काढत होते. मी भिंतीला टेकून उभी राहिले. तो खटखटाट मी जन्मल्यापासून ऐकलाय, फक्त तो बघायला तिकीट काढावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. तुम्हाला इथं आणायचंय, पण तुम्ही विमानात बसणार नाही हेही माहीत आहे.

इथं सगळं सोन्याचं आहे असं समजू नका. सपाट मुलूख, त्यामुळं वारा अडवायला काही नाही, समोरून लागला की वीस किलोमीटरचे चाळीस वाटतात. हिवाळ्यात बोटं बधिर होतात. आणि माझ्याच वयाची मैत्रीण अशी अजून कुणी नाही. पण रस्त्यावर सायकलवाल्याला बिचारा समजत नाहीत, एवढं खरं. आपल्याकडं सात रस्त्याला सायकल घेऊन उभं राहिलं की लोकांना वाटतं, पेट्रोलला पैसे नसतील. दादालाही तुमची सायकल जिन्याखाली खुपते ती जागेमुळं नाही. बोलत नाही तो, पण मला माहीत आहे.

आता माझा बेत. या मुलखात पाण्यानं वेढलेले पुष्कळ वाडे-किल्ले आहेत. डोंगर नाहीतच, त्यामुळं सगळे आपल्या भुईकोटासारखे, जमिनीवर, भोवती खंदक. फिशरिंग म्हणून एक 1271 सालचा आहे, तो मी दोनदा केला. अशा शंभर वाड्यांना जोडणारी सायकलची वाट आहे, 960 किलोमीटरच्या आसपास, लोक ती वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यानं पुरी करतात. मीही करतेय. एका किल्ल्याच्या खंदकाशी बसले असताना डोक्यात आलं, शंभर किल्ल्यांचं कौतुक काय, आपल्या सिद्धरामेश्वरांनी सोलापूरभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, तीही बाराव्या शतकात. आणि ती सगळी सायकलवर केलेला माणूस माझ्या घरात आहे.

श्रावणी सोमवारी तुम्ही मला दांडीवरच्या छोट्या सीटवर बसवून न्यायचात. एका हातात बेलाची पिशवी, दुसरा हँडलला. मला लिंगांपेक्षा मधल्या वाटा आठवतात, कुणाच्या परसातून, कुणाच्या शेताच्या बांधावरून, एक तर एका घराच्या ओट्याला लागून होतं आणि तिथल्या आजी कानडीत काहीतरी बोलून हातावर गूळ ठेवायच्या. कुठलं कुठल्या गल्लीत, ते आता तुम्हालाच ठाऊक. दादाला दहासुद्धा सांगता येणार नाहीत.

म्हणून श्रावणात येतेय. तुमचा गुडघा मला माहीत आहे, तुम्ही पायडल मारायचं नाही. तुम्ही दादाच्या गाडीवर पुढं, मी मागून तुमच्या सायकलवर, आणि दांडीवर दादाचं पोरगं. एका दिवसात होणार नाहीत, चार सोमवार आहेत. एक जुनी डायरी घेऊन आत्तापासून लिंगं क्रमानं लिहून काढा. आठवणार नाही तिथं जागा मोकळी सोडा, तिथं जाऊन विचारू.

सायकलचं एवढं करा. चेन काढून रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवायला सांगा. टायर-ट्यूब दोन्ही नवी घालू, मी आल्यावर. चाकाचं आउट आपल्या नेहमीच्याच मिस्त्रीकडून काढून घ्या. रंग मात्र देऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी. आणि ती छोटी सीट आईनं माळ्यावर पितळी भांड्यांच्या मागं ठेवली होती, बघा सापडते का.

वहिनीला, दादाला नमस्कार. पोराला पापा.

तुमची,
धाकटी

ता. क. हवा भरायचा पंप वहिनीच्या माहेरी गेलाय, असं दादा मागं म्हणाला होता. तेवढा परत मागवून ठेवा. चांगल्या शब्दांत.